सूर्यभान शीव चालला

सूर्यभाननं नदीत आंघोळ केली, ओल्या धोतरानंच दोन गावांच्या शिवेवरची माती डोक्यावर घेतली आणि अनवाणी चालायला लागला. मागे दोन गावं श्वास रोखून उभी. डाव्या अंगाला वऱ्हाडातली बोरसावळी, त्याची स्वतःची. उजव्या अंगाला निजामाच्या मोगलाईतलं कुंभारगव्हाण, बहिणीच्या सासरचं.

पैनगंगेच्या पुरात शिवेचे दगड वाहून गेले होते. अकोल्याहून आलेल्या कारकुनानं हात झटकले. "तुमची शीव तुम्हीच सांगा, मी कागदावर रेघ ओढतो." मग जुनी रीत धरली. दोन्ही गावांना पटेल अशा माणसानं डोक्यावर माती घेऊन चालायचं. तो चालेल ती शीव. खोटं चालला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

खरी शीव नाल्याच्या कडेनं जात होती. सूर्यभान माळ्यानं जन्मभर त्या दगडांच्या आजूबाजूला भाजी पिकवली होती, त्याला कोण सांगणार? पण नाल्याच्या कडेनं चाललं तर बहिणीची, मनकर्णेची टरबुजांची डांगरवाडी मोगलाईतच राहणार. आणि राहिली म्हणजे गेलीच म्हणायची! तिचा नवरा मेल्यापासून तिकडच्या पाटलाचा वाडीवर डोळा. दोन वर्षं तो टरबुजांच्या वेलांत ढोरं सोडत होता. एकटी बाई, पदरात एक पोर, कोणापुढं तोंड उघडणार? वाडी वऱ्हाडात आली तर राखायला भाऊ होता.

बरं, पाप लागून लागणार कोणाला? बायको प्लेगात गेली. पोरबाळ झालंच नाही. घरात तो एकटा, चूल पेटवायलाही तोच. 'ने मले,' तो मनात देवाला म्हणाला. 'साठी उलटली माही. खुशाल ने.'

नाल्यापाशी सूर्यभान उजवीकडं वळला.

मागं कुजबुज झाली. त्यानं मान हलू दिली नाही. जुन्या बाभळीला वळसा घालून तो वाडीच्या पलीकडून चालत गेला. बोरसावळीचे लोक मनातून हरखले. फुकटची जमीन कोणाला नको? कुंभारगव्हाणचे गप्प राहिले. माती घेतलेल्या माणसाला मधेच टोकायचं नाही, हीपण रीतच. कारकुनानं रेघ ओढली, दोन्ही पाटलांनी अंगठे दिले, नारळ फुटला. झालं! आता ब्रह्मदेव आला तरी शीव हलणार नव्हती.

मनकर्णा वाडीच्या बांधावर बसली होती, सहा वर्षांच्या शकुनला पोटाशी घेऊन. सूर्यभान धापा टाकत तिच्यापाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या उपयोगी पडलो, याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"रडून काहून राहिली, बाई? वाडी आली नं आपल्या इकडं. आता पायतोच मी, कोन ढोरं सोडते तं!"

"दादा, तू खोटा चालला."

"चाललो. तुह्यासाठी चाललो. अवं, मले एकट्याले काय व्हते? माह्या घरात हाये कोन?"

मनकर्णेनं पदरानं तोंड पुसलं, पोरीला आणखी जवळ ओढलं.

"आमच्या गावचे सकाळी म्हनत, मानूस त्यायच्या गावचा, खरा चालन कशावरून? कोनी तयारच नव्हतं. मंग मारुतीपुढं मी जामीन रायली तुही. म्हटलं, माहा दादा जन्मात खोटं चालनार नाई, अन् चालला तं माह्या घरावर येऊ द्या." तिनं वर पाहिलं. "शकुनच्या डोक्शावर हात ठेवला, दादा, तवा कुठं ते मानले."