सगळ्यांचे हात वर

"दहावीला नव्वदच्या वर कुणाकुणाला मिळालेत? हात वर करा," अकरावीच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, आणि शलाकाने ऐटीत हात वर केला. का नाही करणार? गावच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. एवढा थोरला, की त्याच्या सावलीत बारा म्हशी रवंथ करत बसायच्या.

मग तिने मागे वळून पाहिलं. अख्ख्या वर्गाचे हात वर होते. शलाकाचा हात हवेतच थिजला. म्हणजे जिथे तिथे फ्लेक्स, आणि प्रत्येकाखाली बारा म्हशी!

"आता सांगा, कधी नापास कोण झालंय?"

शेवटच्या बाकावरून एकच हात आरामात वर आला. "मी, सर. गेल्या वर्षी, इथंच." वर्ग खदखदून हसला.

"हसताय कशाला?" सर म्हणाले. "लवकरच तिच्याशी काम पडेल तुम्हाला."

पहिल्या चाचणीत शलाकाला पन्नासात नऊ पडले. कुणा दुसऱ्याचाच पेपर आला असेल म्हणून तिने वरचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. नाव तिचंच होतं. संध्याकाळी आईचा फोन येणार होता. ती गुपचूप शेवटच्या बाकाकडे गेली, तर तिथे रांग लागलेली, पार जिन्यापर्यंत.

नंबर आल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, घरी किती सांगायचे गं?"

"पडलेत तेवढेच," ताई सरकून जागा करत म्हणाली. "मी चाळीस सांगितले, तर आमच्या अण्णांनी दुसरा फ्लेक्स लावला."