पक्का रंग

सरदार मेला, यात रंगाऱ्याचा फायदाच होता. जिला तरुणपणी पळवून न्यायचं कबूल करून तो ऐनवेळी घरी बसला होता, ती त्या सरदाराची विधवा होऊन त्याच्याच दुकानात उभी होती. “शाल काळी कर,” ती म्हणाली. “तेव्हा शब्द कच्चा निघाला तुझा, रंग तरी पक्का दे.” रंग धरणारी तुरटी त्याने मुद्दाम वगळली, रंग उतरला की ती परत येईल, मग लग्नाचं विचारू. अंत्यदर्शनाला ती नवऱ्यावर पडून रडली आणि पांढरी चादर काळी झाली. “पाप उतरलं बघा,” सासू म्हणाली. “हिनंच विष घातलं लेकाला.” “शालीचा रंग तो,” ती म्हणाली. “रंगाऱ्याला विचारा.” कोतवालाने विचारलं. कच्चा रंग विकणाऱ्याचा हात तोडत. “माझा रंग उतरत नाही, हुजूर,” रंगारी म्हणाला. त्याचा हात वाचला; किंमत पुन्हा तिनेच मोजली, शिर देऊन.