घरटी पाचशे

कात्रजच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदार गोपाळकृष्ण मराठे यांनी क्यूआर कोड टाकला : ‘भटक्या कुत्र्यांचे लसीकरण, घरटी पाचशे रुपये.’ आम्ही बसल्या जागी अंगठा फिरवून पैसे पाठवले आणि विसरून गेलो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाचही कुत्री विषाने काळीनिळी होऊन पडली होती. त्यांना रोज पोळ्या घालणाऱ्या पद्मजाताई मराठ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मी जिन्यातच थांबलो. संतापाने माझी मूठ आवळली. तिच्यात मोबाइलच होता.

“जनावर भुकेपोटी मारतं हो, तेही स्वतःच्या दातांनी! तुम्ही विष घालायला माणूस नेमलात? कुणी पैसे दिले त्याचे? नावं सांगा, एकेकाला पोलिसात खेचते!”

“लस दरवर्षी टोचावी लागते, ताई. हे एकदाच,” मराठे शांतपणे म्हणाले. “आणि नावं ना? पाठवतो की.”

ताईंचा मोबाइल वाजला. यादीत एकोणचाळीस नावे होती.



पहिले ताईंचेच होते, इतरांच्या दुप्पट रकमेसह.