ओट्याची कड

नारळाला बोलीच लागेना.

गोरक्षनं तो दुसऱ्यांदा डोक्यावर धरून फिरवला. एरवी याच्याच आवाजावर शेवगावच्या बाजारात तूर नि कापूस विकला जायचा; आज तो आवाजही बसल्यासारखा वाटत होता. "बोला, मैदानाचा नारळ, बोला." व्यापारी एकमेकांची तोंडं बघत होते. कुणी टोपी सारखी केली, कुणी पान लावायला घेतलं.

देवळाचा कळस असो की शाळेची भिंत, नारळाचा लिलाव केला की गावात काम उभं राहतं. घेणाऱ्याला मान, पैसा कामाला. म्हणून हायस्कूलच्या खेळाच्या शिक्षिका रोहिणीबाई यांनीही स्केटिंगच्या मैदानासाठी तोच घाट घातला होता. गावात नुकती केबल आली होती आणि टीव्हीवर पाहून पोरांना चाकांच्या बुटांचं वेड लागलं होतं. पंचायतीनं जागा दिली होती. मैदान सगळ्यांच्या पोरांना फुकट, फक्त सिमेंट लोकांनी घालायचं. ते आज जमलं नाही, तर पंचायत तिथं दुकानाचे गाळे काढून मोकळी होणार होती.

नारळाआधी दाखवलेला पोरांचा खेळ तर दृष्ट लागावी असा झाला होता. लिलावाच्या गुळगुळीत ओट्यावर पोरं सुळकन गेली, वळली, परत आली. पडलं कुणीच नाही. तसा बाईंनी पक्का बंदोबस्तच केला होता. माल चढवायला ओट्याला टेम्पो लागतात, म्हणजे कडेखाली छातीएवढी खोली. त्या कडेनं त्यांनी हमालांना धुतलेल्या टोप्या घालून, खांद्याला खांदा लावून उभं केलं होतं. बघणाऱ्यांना वाटलं, बाईंनी काय शोभा आणली. कड कुणाला दिसलीच नाही.

नेमकं तेच अंगाशी आलं.

"इथं कसं झ्याक चाललंय की," तुरीचे मोठे व्यापारी काकासाहेब उठून म्हणाले. "मग येगळं मैदान कशाला? रविवारी लिलाव नसतोय. खेळू द्या इथंच. ही घ्या माझ्याकडची बाजाराच्या फाटकाची किल्ली."

टाळ्या पडल्या. फुकटात दानशूर झाल्याचा आनंद काकासाहेबांच्या तोंडावर मावत नव्हता. गोरक्ष नारळ खाली ठेवायला वाकला. टाळी वाजवली नाही ती फक्त बाजार समितीचे सभापती आप्पासाहेब यांनी. पण ते मुळातच घुमे. त्यांची नात वृषाली खेळणाऱ्या पोरांतच होती, तिच्याकडे ते एकटक बघत बसले होते.

पुढं केलेली किल्ली पाहून बाई मागं सरकल्या. आजवर मोजकी पोरं असायची आणि कडेला त्या स्वतः उभ्या राहायच्या. आता फाटक उघडं म्हणजे सगळं गाव लोटणार. हमाल काही दर रविवारी भिंत करून उभे राहणार नव्हते. खरं सांगावं तर खेळच बंद होईल. न सांगावं तर कुणाचं तरी पोर... त्यांना पुढचा विचार करवेना.

"किल्ली नको," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचा, चेतनचा हात मोडला तो चिंचेवरून पडून नाही. मी तुम्हाला तसं सांगितलं होतं. तो या ओट्यावरून पडला. खरं बोलून जाईल म्हणून त्याला पुणतांब्याला मामाकडं धाडलाय."

हमाल आपोआप बाजूला झाले. माणसं कडेशी आली आणि वाकून खाली बघू लागली.

"आन् तरी तुमी आमची पोरं इथं खेळवली, बाई?" लंकाबाईनं विचारलं. तिनं आपल्या लेकीला दंडाला धरून खाली बसवलं आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

काकासाहेबांनी किल्ली खिशात टाकली. "मंग हे खूळच बंद करा."

संपलं, बाईंना वाटलं. मैदानही गेलं आणि पोरांचा खेळही गेला, आणि तोही आपल्याच तोंडानं.

तेव्हा आप्पासाहेब उठले. त्यांनी गोरक्षच्या पुढ्यातला नारळ उचलला.

"सिमेंट माझं," ते म्हणाले. "लागंल तेवढं. आन् मैदान हुईस्तोवर ह्या ओट्यावर कुनी खेळायचं न्हाई."

गोरक्षनं सवयीनं एक वार, दोन वार म्हणायला सुरुवात केली. सभापतींच्या वर बोली करायची कुणाची छाती नव्हती. लंकाबाईचा हात नाडीवरच थांबला.

गर्दी पांगल्यावर बाई आप्पासाहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मी सगळ्यांशी खोटं बोलले. तुमचीही नात होती त्यात. मला माफ करा."

आप्पासाहेबांनी वृषालीला जवळ बोलावलं. ती हसत आली. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता.

"दिवाळीत ही जिन्यावरून पडली म्हनून रडत आली," तिच्या डोक्यावर हात ठेवत ते हळूच म्हणाले. "मीबी म्हनलो, पोरी, जपून उतरत जा. बाई, आमच्या घराला जिनाच न्हाई."