जेवणानंतर एक

पोटावर लावलेली जेली गार होती, पण दर्यापूरहून आलेल्या गोवर्धनला ती गार लागलीच नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्याचं लिव्हर पाहून डॉक्टर पौर्णिमा मात्र हरखून गेली.

"काका, लिव्हरवरची चरबी निम्म्यावर आली! वजनही किती उतरलं! आमच्या चाचणीतलं हे झाडपाल्याचं औषध सगळ्या पेशंटमध्ये तुम्हालाच जास्त लागू पडलं बघा."

गोवर्धन शर्टाची बटणं लावत राहिला. शर्ट बुजगावण्याच्या अंगावर घातल्यासारखा लोंबत होता.

"मागच्या वेळी काकू किती काळजीत होत्या. आता बिनधास्त राहा म्हणावं त्यांना. बरं, उरलेल्या गोळ्या परत आणल्या ना?"

त्यानं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. पौर्णिमानं ती हातात घेतली. झाकणावरचं सील तसंच होतं.

"काका, एकही गोळी घेतली नाही? का हो?"

"तुमीच तं सांगतलं होतं, जेवन झाल्यावर घ्याची म्हून," गोवर्धन खिडकीकडे पाहत म्हणाला. "तुमची काकू वारली, तवापासून घरात जेवन असं झालंच नाही."