दोन टिकल्या, एक टोपी, एक काडी

“आता टोपी,” केसरबाई म्हणाल्या. “ओ च्या डोक्शावर.”

वीरेंद्रने कीबोर्डवरच्या सहाच्या बटणावरची टोपीसारखी खूण काढून ओ वर ठेवली. ती एका बाजूला कलली. त्याने माउसने ढकलून सरळ केली, तशी सौंसरमधल्या त्याच्या एवढ्याशा फ्लेक्सच्या दुकानात केसरबाईंनी अशी टाळी वाजवली, की बाहेर चहा पिणारे दोघे आत डोकावले.

फ्लेक्स त्यांच्या मुलाच्या, अंकुरच्या रिसेप्शनचा होता. सून व्हिएतनामची, फाम थी होंग. तिचं नाव इंग्रजीसारख्याच अक्षरांत लिहितात, पण अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात. वीरेंद्रने नाव व्हॉट्सअॅपवरून उचलून चिकटवलं, तर कॉम्प्युटरने अक्षरांच्या जागी नुसते डबे दाखवले. मग त्याने साधी अक्षरं टाइप केली आणि एकेक खूण मिळेल तिथून आणायला लागला. खालच्या दोन टिकल्या त्याने घरच्या पत्त्यातून घेतल्या, हिंदी वळणाने लिहिलेल्या लोधीखेड़ातल्या ड़ खालची टिकली दोनदा उचलून.

आधी छापलेल्या पत्रिकेत या खुणा नव्हत्या. पत्रिकेचा फोटो पाहून होंगची आई रुसून बसली. लेक अजून नीट सासरी गेलीही नाही आणि त्यांनी तिचं नाव काढून घेतलं, मी काही येत नाही, एवढं ती म्हणाली. तिला मनवायला होंग माहेरी जाऊन बसली होती. विमानाचं तिकीट आजच काढायचं होतं. होंगचं एक की आईसकट दोन, तेवढंच ठरत नव्हतं.

विहीण मानपानावरून रुसली तर तिला साडीचोळी देऊन हसवता येतं, हे केसरबाईंना पाठ होतं. टिकल्यांवरून रुसलेली विहीण त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आणि खरं सांगायचं तर त्यांना ती मनातून पटली होती.

हिमानी, अंकुरची बहीण, फोन धरून उभी होती. व्हिडिओ कॉलवर होंग आणि तिच्या शेजारी तिची आई, ओठ घट्ट मिटून.

“आता राहिली काडी,” वीरेंद्र म्हणाला. त्याने टोपीशेजारी एक काडी लावली.

फोनमधली बाई जोरजोरात हात हलवायला लागली.

“आई, काडी उलटी झाली!” होंग सासूला ओरडून म्हणाली. अंकुरच्या संगतीत ती जे मराठी शिकली ते हे असं होतं. “वरून खाली पायजे. मम्मी नाराज होऊन राहिली!”

वीरेंद्रने कीबोर्डवरची दुसरी काडी लावली. तिची दिशा बरोबर होती, पण टोपीत बांबू रोवल्यासारखी दिसली. बारीक तिरक्या काडीचं कोपऱ्यातलं बटण कधीच निखळलं होतं, तिथे नुसता खड्डा होता. वीरेंद्रने खड्ड्यात बोट घालून पाहिलं, टेबलावर हात आपटला आणि घाम पुसला.

“वीरू, कर नं काहीतरी!” हिमानी म्हणाली. “ते उठून जाईन.”

केसरबाई स्क्रीनला नाक लावून बघत होत्या. वरपासून खालपर्यंत बघत त्या फ्लेक्सच्या शेवटच्या ओळीवर आल्या. विनीत, सौ. केसरबाई.

“अरे, हे काय हाय माह्या नावावर? के वर?”

“मात्रा व्हय काकू.”

“मंग अशीच तं पायजे तिले! हेच लाव नं!”

वीरेंद्र खुर्चीतून अर्धा उठलाच. “हो काकू! सही बोलल्या!”

“माह्या नावातली कमी तं नाही होनार?”

“नाही, कॉपी करून राहिलो.”

“अन् झाली तं होऊ दे. लाव तू.”

त्याने मात्रा उचलली, लहान केली, जराशी वळवली आणि टोपीच्या बाजूला टेकवली. चहा पिणारे दोघेही ग्लास हातात धरून आत आले होते. हिमानीने फोन स्क्रीनजवळ नेला.

होंगची आई पुढे वाकली. मग तिने नाव मोठ्याने वाचलं. ‘होंग’ म्हणताना तिचा आवाज काडीसारखाच वरून खाली उतरला. केसरबाईंनी तिच्यामागोमाग म्हणून पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा म्हटलं. केसरबाईंनी पदर सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि आवाज अलगद खाली सोडला. त्या बाईची भुवई वर गेली. तिने काहीतरी विचारलं.

“आई, मम्मी विचारून राहिली, ही काडी कुठून आणली?”

“सांग, माह्या नावातली हाय.”

होंगने सांगितलं. तिच्या आईने एकदा वरचं नाव पाहिलं, एकदा खालचं. मग ती होंगकडे वळून दोन शब्द बोलली आणि होंगने अशी किंकाळी फोडली की हिमानीच्या हातून फोन पडता पडता राहिला.

“आई! मम्मी विचारून राहिली, तिकडे स्वेटर लागते का?”

“लागते!” हिमानी ओरडली. चहा पिणाऱ्यांपैकी एकाने ओळखदेख नसताना सांगितलं, “शाल बी आन म्हणा, लय थंडी हाय!” वीरेंद्रने हसत प्रिंटचं बटण दाबायला बोट उचललं.

केसरबाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

“थांब रे. माह्या बाजूले विहिनीचं नाव टाक. टिकल्या-काड्या तिलेच विचार, एकबी सोडू नको. अन् पाय, अक्षर माह्याएवढंच मोठं पायजे.”