गाळलेलं पाणी

"हात लावून बघा," दिनकरराव म्हणाले. "थंडगार लागंल."

चुडाव्याहून आलेल्या माणिकरावांनी ओसरीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या बरणीला हात लावला. बरणी चिनी मातीची होती, हैदराबादहून मागवलेली. खाली पितळी तोटी. पाहुणे माणिकरावांच्या मुलासाठी मुलगी बघायला आले होते, पण चहा यायच्या आधीच दिनकररावांनी झाकण काढून त्यांना आतली पाणी गाळायची कांडी दाखवली होती.

"एकावर एक मडकी ठेवून वाळू-कोळशातून गाळायचं, ते बी बघितलं. पर म्हणलं, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं."

"आमच्याकडं आपलं फडकंच," माणिकराव म्हणाले. "ही अक्का चार पदर करून हंड्याला बांधती."

दिनकरराव हसले. "फडक्याचं आमाला बी सरकारी डाक्टरनं मागंच सांगितलं होतं. पर चार माणसं येणार-जाणार. हंड्यावर चिंधी बरी दिसत न्हाई." बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजे तुमच्याकडचं येगळं..."

माणिकरावांची थोरली बहीण चतुराबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "तुमच्या बोरीत नारू लय हाय म्हणं?"

"गावात आसंल. या घरात त्याचं नाव न्हाई."

दाराआड चहाचे कप भरणाऱ्या कस्तुराबाईंचा हात थांबला. नवऱ्याचं बोलणं आत ऐकू येत होतं. लेकीला, सुमंगलेलाही येत होतं.

बरणी घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. सुमंगलेच्या टाचेला फोड त्याच्या आधीच आला होता. नारूचं बी गढूळ पाण्यातून पोटात जातं आणि वर्षभरानं पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागतो. मध्येच तुटला तर पाय सडायला लागतो. सुमंगलेच्या टाचेवर आत्ता ती काडी होती, वरून पट्टी होती आणि पट्टीवर नऊवारीचा घोळ. सकाळी तिनं वडिलांना विचारलं होतं, "दादा, सांगून टाकायचं का?" दिनकरराव म्हणाले होते, "काय सांगायचं? पंधरा दिसात बरं व्हतंय."

ती बाहेर आली, पाटावर बसली. नाव सांगितलं, स्वयंपाकाचं सांगितलं. माणिकरावांचं तोंड खुललं.

"जरा तुळशीपर्यंत चालून ये, बाई," चतुराबाई म्हणाली.

सुमंगलेनं वडिलांकडं पाहिलं. दिनकररावांना काहीही सांगता आलं असतं. काटा मोडलाय, पाय मुरगळलाय. पण काटा म्हटलं की पाहुणे पाय बघणार.

"जा की, बाळा," ते म्हणाले. "नीट चाल."

ती उठली. पायऱ्या उतरली, तुळशीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. एकदाही लंगडली नाही. फक्त वर चढताना तिच्या ओठांवरचा रंग गेलेला होता. वाकून नमस्कार करून ती आत गेली.

"झालं. पसंत," माणिकराव म्हणाले. "नारळ आणा, दिनकरराव."

नारळ आणायला कुणी उठायच्या आधीच कस्तुराबाई दारात आल्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी फक्त नवऱ्याकडं पाहिलं.

"तुटला," त्या म्हणाल्या.

"काय तुटलं?" माणिकरावांनी विचारलं.

"काई न्हाई," दिनकरराव म्हणाले. "माळ आसंल पोरीची."

चतुराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग कस्तुराबाईंकडं. ती उठली आणि न विचारता आत गेली.

आतून तिचा आवाज येऊ लागला. "कढत पाणी आना. लिंबाचा पाला हाय का? ओढू नको गं, हात काढ." माणिकरावांनी कापसाच्या भावाचं काहीतरी विचारलं. दिनकररावांनी काहीतरी उत्तर दिलं.

चतुराबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"नारू हाय. निम्मा आत ऱ्हायला. आजच गाडी जुंपा अन् दवाखान्यात न्या. उद्या पाय टेकवणार न्हाई तिला."

माणिकरावांनी टोपी उचलून डोक्यावर घातली.

"अक्का, मी..." दिनकरराव उभे राहिले.

"ती म्हणती, दादाला ठाऊक न्हवतं. मीच लपवून ठिवलं, म्हणती." चतुराबाई थांबली. "इतकं दुखायलंय तिला, तरी तेच म्हणायली."

दिनकररावांची मान वर झाली नाही. कस्तुराबाई दारातच उभ्या होत्या.

"चल अक्का," माणिकराव म्हणाले.

"थांब. पोरगी आपली झाली," चतुराबाई म्हणाली. "पाय बरा झाला की तारीख धरू. न्हाई बरा झाला, तरी धरू."

दिनकररावांना काय करावं कळेना. ते बरणीकडं गेले, तोटी सोडली, तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"घोटभर पाणी तरी घ्या, अक्का."

चतुराबाईनं तांब्यात पाहिलं. तळाचं पितळ दिसावं इतकं नितळ पाणी होतं.

"नको," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पिऊ."

ती अंगणात उतरली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, आणि चुडावा लांब होता.